बासची लाइन आणि आपली मरळ: केंदाळात कुठला दोरा चालेल?

उचगावचा_गळवाला

मंडळी, प्रश्न सरळ आहे. केंदाळात (जलपर्णीत) दडलेल्या मरळीसाठी रिळावर कुठली लाइन भरावी?

आत्तेभाऊ ह्यूस्टनला असतो, तिकडं तळ्यांवर लार्जमाउथ बास (तिकडचा गोड्या पाण्यातला शिकारी मासा) धरतो. या खेपेला येताना त्यानं माझ्यासाठी तीन लाइनी आणल्या (पौंड म्हणजे किती ओढीला तुटते तो आकडा): १२ पौंडाची मोनो, १५ पौंडाची फ्लोरोकार्बन आणि ५० पौंडाची ब्रेडेड. सोबत रबरी बेडूक आणि मऊ प्लॅस्टिकच्या अळ्या. माझ्याकडं ३००० साइजचं स्पिनिंग रीळ आणि सात फुटी मीडियम काठी आहे. आजवर तंगूस (साधा नायलॉनचा दोरा), शिसं आणि गांडूळ एवढ्यावरच भागवलंय.

जागा म्हणाल तर केटी (कोल्हापूर टाइप) बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, बरगे (अडवायच्या फळ्या) घातल्यावर पाणी तुंबतं आणि काठाला केंदाळ साठतं तिथली. भाऊ म्हणतो, बासचं सगळं तंत्र मरळीला जसंच्या तसं लागू पडतं. मला पटत नाही. बास वेगळा, मरळ वेगळी. जाणकारांनी सांगावं.

ता. क. ‘बाजारातनं विकत आण’ हा सल्ला घरून आधीच मिळालेला आहे.

रस्सा_मंडळ

घरचा सल्ला योग्य आहे. +१

नाना_वडणगेकर

पोरांनो, एवढं कशाला लागतंय? वेळूची काठी, ०.४० मिलिमीटरचा तंगूस, एक गळ आणि भिजवलेली कणीक. चिलापी, रोहू, कटला, सगळं निघतंय. आमच्या वेळंला रीळ कुठं होतं? दोरा हातानं ओढायचा. तंगूस ताणतो म्हणून माशाचा हिसका सोसतो. तुमची ती नव्या जमान्याची दोरी ताणत नाही म्हणं. मग हिसका बसल्यावर सुटणार काय? एक तर गळ सरळ होणार, नायतर माशाचं तोंड फाटणार.

टेक्सासचा_पाव्हणा

नाना, तुमचं शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे, पण त्यावर नंतर येतो.

मी मूळचा राजारामपुरीचा, आता डॅलसजवळ असतो. इथं सुट्टीच्या दिवशी शेजारचा दिसला नाही तर तो बासच्या मागं गेलाय असं समजायचं. तीन लाइनींचा हिशेब असा आहे.

मोनो म्हणजे नायलॉनचा एकच तंतू, आपला तंगूस तोच. ताणतो, स्वस्त असतो, गाठ चांगली धरतो. पाणी पितो, उन्हानं कमजोर होतो, आणि रिळावर बरेच दिवस पडून राहिला की वेटोळी तशीच धरून बसतो. फार सावकाश बुडतो म्हणून पाण्यावर चालणाऱ्या आमिषाला बरा.

फ्लोरोकार्बन पाण्यापेक्षा बराच जड, घनता १.७८. नायलॉनची १.१४. म्हणजे ही लाइन बुडते. बासवाले ती तळाशी चालवायच्या आमिषाला वापरतात. टेक्सास रिग म्हणतात त्यात पुढं टोकदार शिसं सरकतं ठेवतात आणि गळाचं टोक प्लॅस्टिकच्या अळीच्या पोटात लपवतात, म्हणजे काडीकचऱ्यात अडकत नाही. दगडावर घासणं ही लाइन मोनोपेक्षा चांगलं सोसते. पण ताठर असते, आणि गाठ कोरडी आवळली तर तिथंच दगा देते. थुंकी लावून आवळायची.

ब्रेडेड म्हणजे पॉलिएथिलीनच्या बारीक तंतूंची वेणी. घनता ०.९७, त्यामुळं तरंगते. ताण जवळजवळ शून्य. ताकदीच्या मानानं इतकी बारीक की ३० पौंडाची ब्रेडेड साधारण ८ पौंडाच्या मोनोएवढी जाड असते, आणि ५० पौंडाची १२ पौंडाएवढी. जलपर्णीतून मासा ओढून काढायचा तर हीच. केंदाळाचे देठ ती कापत येते.

भावाच्या वाक्याबद्दल सांगायचं तर मी त्याच्या बाजूचा. बास आणि मरळ दोघंही दबा धरून बसणारे शिकारी. आडोशाला थांबायचं आणि वरून काही गेलं की झडप.

बावड्याची_लेक

पाव्हणं, मोनो आणि ब्रेडेडचं पटलं. फ्लोरोकार्बनबद्दल मात्र दुकानदार ‘पाण्यात दिसतच नाही’ म्हणून गळ्यात मारतात, त्यावर बोलतो.

प्रकाश वळवण्याचा आकडा पाण्याचा १.३३, फ्लोरोकार्बनचा १.४२ आणि नायलॉनचा १.५३ च्या आसपास. म्हणजे फ्लोरोकार्बन पाण्याच्या जास्त जवळ, पण ‘दिसतच नाही’ हे खोटं. आणि समजा नाही दिसली, तर पंचगंगेत फायदा कुणाला? मी राजाराम बंधाऱ्याजवळच वाढलो. पावसाळ्यात पाणी चहाच्या रंगाचं आणि उन्हाळ्यात हिरवं. वितभर खाली आपलाच पाय दिसत नाही. मरळ दोरा बघून विचार करत बसत नाही, वर हललं की मारते. काळम्मावाडीसारख्या धरणाच्या स्वच्छ पाण्यात गोष्ट वेगळी, तिथं पुढचे तीन-चार फूट फ्लोरोकार्बन लावलं तर अर्थ आहे.

म्हणून मासा कुठला यापेक्षा जागा कुठली हे आधी ठरवा. केंदाळात ब्रेडेड. खडकाळ पात्रात ब्रेडेडच्या पुढं मोनोचा किंवा फ्लोरोकार्बनचा तुकडा, कारण ब्रेडेड कितीही ताकदीची असली तरी ताणलेली असताना दगडाच्या धारेवर घासली की पटकन जाते. मोकळ्या पाण्यात चिलापीला नानांचा तंगूस, फक्त ०.४० नको, ०.२५ पुरे. एवढ्याशा चिलापीला ०.४० म्हणजे घुंगरासाठी साखळदंड.

नाना_वडणगेकर

०.४० मुद्दाम ठेवतो. मधीच कटला आला तर?

बावड्याची_लेक

तर रिळाचा ड्रॅग, जोराची ओढ बसली की लाइन सुटू देणारा, कशाला असतो नाना! अरे हो, तुमच्याकडं रीळच नाही.

नाना_वडणगेकर

घाला मला म्हाताऱ्याला गळाला.

पेठेतला_पैलवान

एक शंका. अमेरिकेतनं बासची पिल्लं आणून कळंब्याच्या तलावात सोडली तर? दोन वर्षांत हिथंच बासची स्पर्धा. नाद खुळा इषय!

केंदाळ

पैलवान, हे गमतीतही नको. जपानात बास १९२५ मध्ये आशिनोको तळ्यात आणून सोडला. पुढं तो देशभर पसरला आणि तिथले लहान मासे खात सुटला. २००५ पासून तिथं जिवंत बास पाळणं, एका जागेवरून दुसरीकडं नेणं, सोडणं, सगळ्याला कायद्यानं बंदी आहे. आणि गंमत बघा, जगातला सर्वांत मोठा बास त्याच जपानच्या बिवा सरोवरात २००९ मध्ये मनाबू कुरिता यांनी धरला. १९३२ चा जॉर्जियातला जॉर्ज पेरी यांचा विक्रम त्यांनी गाठला. २२ पौंडांच्या वर, म्हणजे १० किलोचा मासा.

उलटही झालंय. २००२ मध्ये अमेरिकेत मेरीलँडमधल्या क्रॉफ्टन गावच्या तळ्यात मरळीची चिनी बहीण सापडली. बातम्यांमध्ये ‘चालणारा मासा’ म्हणून बोंब झाली, आणि शेवटी तळ्यात औषध टाकून सगळे मासे मारावे लागले. त्याच वर्षी तिथल्या केंद्र सरकारनं मरळीच्या अख्ख्या कुळाची जिवंत आयात बंद केली. आपण जिला पाहुणचारासाठी राखून ठेवतो, ती तिकडं घुसखोर.

आणि कळंब्यात काय, चिलापी आधीच आहे. तीही आफ्रिकेतनं आलेली.

टेक्सासचा_पाव्हणा

केंदाळ, तुमच्या माहितीत भर घालतो, कारण धागाकर्त्याच्या मूळ शंकेचं उत्तर इथंच आहे. दक्षिण फ्लोरिडातल्या कालव्यांत २००० पासून आपल्या मोठ्या मरळीच्या अगदी जवळच्या नात्यातली मरळ घर करून आहे. त्या कालव्यांत बासही आहे. लोक बाससाठी रबरी बेडूक टाकतात आणि लागते मरळ. काठी तीच, लाइन तीच, आमिष तेच. म्हणजे दोन्ही मासे एकाच पाण्यात, एकाच तंत्रानं निघतात. उचगावकर, भाऊ जिंकला.

बावड्याची_लेक

जिंकला, पण पूर्ण नाही. तीन फरक आहेत.

पहिला श्वासाचा. मरळीला हवेतून श्वास घ्यावाच लागतो, नाहीतर ती पाण्यात असूनही गुदमरते. म्हणून ती मधूनमधून वर येते, ‘टप्’ असा आवाज होतो आणि बुडबुडे दिसतात. बास असा पत्ता देत नाही. इथं शांत बसून केंदाळाकडं बघत राहणं हेच निम्मं काम. जिथं टप् झालं त्याच्या पुढं चार-पाच हात बेडूक टाकायचा आणि हळू त्या जागेवरून आणायचा. डोक्यावर टाकला तर पळते.

दुसरा तोंडाचा. बास तोंड उघडून पाण्यासकट आमिष ओढून घेतो. मरळ झडप घालते, दातानं धरते, पुष्कळदा नेम चुकवते. पाण्याचा भडका उडाला की लगेच काठी ओढायची नाही. दोरा ताणला, वजन जाणवलं की मग ओढायची. बासच्या बेडकालाही हाच नियम, पण मरळीचं तोंड हाडाचं, म्हणून ओढताना दम लागतो. इथं ब्रेडेडचा न ताणणारेपणा कामाला येतो. मोनो पंचवीस हातांवर असेल तर तुमचा निम्मा जोर ताणातच जातो.

तिसरा फरक जास्त महत्त्वाचा. पाण्यावर तांबूस-केशरी पिल्लांचा पुंजका फिरताना दिसला तर खाली नर-मादी राखण करत असतात. तिथं बेडूक टाकला की हमखास लागते, कारण ती भुकेनं नाही, राखणीसाठी मारते. ती जोडी गेली की बाकीचे मासे पिल्लं फस्त करतात. मी तिथं गळ टाकत नाही आणि टाकणाऱ्याशी भांडतो.

मसाई_पठार

असहमत. नदी आटते तेव्हा डबक्यात अडकलेली सगळी पिल्लं मरतातच. जाळंवाले बारीक आसाच्या जाळ्यानं पुंजकाच उचलतात. आम्ही गळवाल्यांनीच तेवढं पुण्य का करायचं?

केंदाळ

कारण जाळंवाल्यांचं पोट त्यावर आहे आणि आपला शौक आहे. बास वीण घालतो तेव्हा नर घरटं राखतो, म्हणून अमेरिकेत काही राज्यांत त्या दिवसांत तो धरून ठेवायला बंदी असते. तिथल्या स्पर्धांत मासा सोडून देण्याची पद्धत रे स्कॉट यांनी १९७२ पासून रुजवली. स्पर्धा त्यांच्या, पैसा त्यांचा, तरी मासा परत पाण्यात.

रस्सा_मंडळ

मासा परत पाण्यात?? धाग्यावर हिंसा चाललीय.

मसाई_पठार

केंदाळ, पोटाचा मुद्दा मान्य. पिल्लांचा पुंजका सोडतो. पण पहिल्या पावसातले चढणीचे मासे सोडा असं आता कुणी म्हणू नका.

केंदाळ

म्हणणार होतो. अंडी घालायलाच चढतात ती. राहू दे, त्याचा वेगळा धागा होईल आणि त्यात मारामारी होईल.

वहिनी_शाहूपुरी

मी गळ टाकत नाही, फक्त शिजवते. मरळीला बारीक काटे नसतात म्हणून पोरांना देता येते. बाजारात ती टोपलीत जिवंत वळवळत असते, बाकीचे मासे बर्फावर, हा फरक आज वरचं श्वासाचं वाचून कळला. कातडी मात्र चिवट. राख लावून किंवा मीठ चोळून साफ करा. आणि हो, गळ पोटात राहिलेला मासा घरी आणू नका, एकदा घासात लोखंड लागलं तर जन्माची आठवण राहते.

उचगावचा_गळवाला

वहिनी, नोंद घेतली. बाकी सगळ्यांचं वाचून ब्रेडेड भरली, पण घोटाळा झाला. रिळाची मूठ फिरवतो तर ड्रॅग कितीही आवळला तरी आतली लाइन सगळीच्या सगळी गोल फिरते. रीळ बिघडलं काय?

भोगावती_७२

रीळ ठीक आहे भावा. ब्रेडेड गुळगुळीत असते, धातूच्या फिरकीवर तिची पकड बसत नाही, सगळा गुंडाळा घसरतो. काढा सगळी. आधी थोडी मोनो गुंडाळा, मग तिला ब्रेडेड जोडून वर भरा. नायतर फिरकीवर चिकटपट्टीचा एक वेढा द्या. लाइन महाग असते, खालची जागा मोनोनं भरली की पैसेही वाचतात. काठोकाठ भरू नका, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर मोकळं ठेवा. आणि फेकल्यावर रिळाची तार (फेकताना उघडतो ती) हातानं मिटवा, मूठ फिरवून नको. ब्रेडेडमध्ये गुंता पडतो तो बहुतेक या दोन कारणांनी.

आणखी एक. अडकली की बोटाला गुंडाळून ओढू नका. कातडी कापून हाडापर्यंत जाते. लाकडाच्या तुकड्याला चार वेढे देऊन ओढायची.

नाना_वडणगेकर

आणि तुटलेला दोरा काठावर टाकून येऊ नका. तंगूस कुजत नाही. पाणकावळ्याच्या, बगळ्याच्या पायात गुरफटतो. घाटावर म्हशी पाण्यात उतरतात, गळ राहिलेला असला तर त्यांच्या खुरात. मग शेतकरी आपल्याला काठीनं हाणतो, आणि हाणायलाच पाहिजे.

पेठेतला_पैलवान

जिवंत बेडूक लावला तर? आमच्या मामाच्या गावाला तेच लावत्यात. रबराचं काय खरं नाही.

बावड्याची_लेक

रबरी बेडकाचे दोन्ही गळ पाठीकडं वळलेले असतात, म्हणून तो केंदाळावरून घसरत येतो. जिवंत बेडूक पहिल्याच फेकीत पानाखाली शिरून बसतो. शिवाय शेतातले किडे खातो तो. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये बंद झाली ती उगाच नाही.

जयसिंगपूरचा_बाबू

शिरोळकडं, कृष्णेच्या बाजूला येणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, सांगलीपासून कृष्णेत मगरी आहेत. गुडघाभर पाण्यात उभं राहून बेडूक ओढायचा शौक तिकडं नको. काठावरच, पाण्यापासून चार पावलं मागं.

भोगावती_७२

आणि पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट झालं की इशारा, ४३ ला धोका. ३९ च्या आधीच गळ गुंडाळायचा. त्यानंतर आपणच गच्चीवर आणि मासे अंगणात.

मसाई_पठार

हाहा. २०१९ ला हेच झालं की राव.

प्रयाग_चिखलीकर

कुणीच परवानगीचं बोललं नाही म्हणून बोलतो. तलाव आणि धरणांचं पाणी मासेमारीसाठी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेलं असतं. बीज त्यांनी सोडलेलं असतं. जाऊन विचारा, एका काठीला शक्यतो कुणी नाही म्हणत नाही. चहा पाजला तर जागाही दाखवतात. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत मात्र विचारायचाही प्रश्न नाही, तिथं गळ टाकायचाच नाही.

उचगावचा_गळवाला

विचारलं. ठेकेदार संस्थेचे एक काका म्हणाले, मरळ धर, बरंच होईल, आमचं कटल्याचं बीज तीच खाते.

लाइन भोगावतीकरांच्या सांगण्याप्रमाणे भरली, आता फिरत नाही. आता दोन प्रश्न. बेडकाला गाठ कुठली? आणि भाऊ म्हणतो ड्रॅग पूर्ण आवळ. बरोबर का?

टेक्सासचा_पाव्हणा

गाठ पालोमार. लाइन दुहेरी करून बेडकाच्या कडीतून काढा, त्या दुहेरी लाइनीची साधी सैल गाठ मारा, मग राहिलेल्या फासातून अख्खा बेडूक ओवून काढा, ओलं करून आवळा. ब्रेडेडला साधी वेढ्यांची गाठ घसरते, ही घसरत नाही.

ड्रॅगबद्दल भाऊ अर्धा बरोबर. ५० पौंडाच्या लाइनीला जाड बेडूक-काठी असेल तर आम्ही ड्रॅग जवळपास बंद करतो. मासा केंदाळात खाली घुसला की संपलं, त्याला डोकं वळवू द्यायचंच नाही. पण तुमची काठी मीडियम आहे. काठीच्या बुडाशी किती पौंडापर्यंतची लाइन चालेल ते छापलेलं असतं, बघा.

उचगावचा_गळवाला

छापलंय ८ ते १७ पौंड. मग ५० पौंडाची भरली ते चुकलंच की! काठी बदलू का लाइन?

टेक्सासचा_पाव्हणा

घाबरू नका, तो आकडा मोनो धरून दिलेला असतो, आणि जाडीनं तुमची ५० ची ब्रेडेड १२ च्या मोनोएवढीच आहे. कड्यांतून आरामात जाईल. प्रश्न जोराचा आहे. ड्रॅग पूर्ण आवळून ओढलंत तर सगळ्यांत कच्चा भाग तुटतो, आणि इथं कच्चा भाग लाइन नाही, काठी आहे. नानांनी पहिल्याच दिवशी सांगितलं ते हेच: न ताणणाऱ्या दोरीचा हिसका कुठंतरी जाणारच.

ताणकाटा असेल तर लाइनीला अडकवा, काठी वाकवून ओढा आणि अडीच-तीन किलोला लाइन सुटू लागेल इतपत ड्रॅग ठेवा. दाट केंदाळाच्या मधोमध टाकू नका, कडेकडेनं आणि मोकळ्या गल्ल्यांतून बेडूक आणा. पुढं जाड काठी घेतलीत की मग मधोमध.

नाना_वडणगेकर

आता कसं. पाव्हणं, हिकडं आला की या, वेळूची काठी देतो. तिच्यावर आकडा छापलेला नसतोय.

पेठेतला_पैलवान

वामीला रात्री कुठली लाइन लावायची?

बावड्याची_लेक

मोनो, ०.३५. तळाला गांडूळ, आणि लागली की लगेच उचला, दगडाच्या सापटीत शिरली की दोराच हातात राहतो. सविस्तर हवं तर नवा धागा काढा, इथं नको.